सारख्या अंतराची जाळी सारखी का दिसत नाही?

०.१ अंशाच्या जागतिक जाळीवर मांडलेला पावसाचा डेटा घ्या. कुठल्या चौकटीत किती पाऊस पडला हे कळावं म्हणून फाईलमध्ये रेखांशांची यादी दिलेली असते: १००.०, १००.१, १००.२, १००.३ आणि असंच पुढे. आता शेजारशेजारच्या रेखांशांची वजाबाकी करत जा. दरवेळी ०.१ यायला हवं. पण ही यादी ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे साठवण्याच्या संगणकाच्या एका प्रकारात, साठवलेली असेल, तर उत्तरं येतात ती अशी: ०.०९९९९८४७, ०.०९९९९८४७, ०.१००००६१०, ०.०९९९९८४७, ०.०९९९९८४७.

हे आकडे पाहून एखादं सॉफ्टवेअर ‘जाळी सम अंतराची नाही’ असं सांगून थांबतं. दुसरं एखादं मुकाट्याने पुढे जातं आणि दोन फाईली एकत्र करताना अर्ध्याअधिक चौकटी गाळून टाकतं. डेटा बनवणाऱ्यांची जाळी मात्र अगदी सरळ असते. तिचा नियम एका ओळीत मावतो: पहिला रेखांश अमुक, टप्पा ०.१, एकूण ३६०० स्तंभ. गडबड होते ती या नियमाची यादी करून ती संगणकाच्या अंकांत उतरवताना.

०.१ मध्ये असं काय आहे?

दशमान पद्धतीत कुठला अपूर्णांक संपतो आणि कुठला संपत नाही, हे छेदावर ठरतं. छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तर तो संपतो. १/८ म्हणजे नेमकं ०.१२५, पण १/३ लिहायला बसलो की ०.३३३ पुढे चालतच राहतं. संगणक बायनरीत, म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांत मोजतो, त्यामुळे तिथे छेदात फक्त २ चालतो. १/२, १/४, १/८ नेमके बसतात. १/१० च्या छेदात ५ लपलेला आहे, म्हणून बायनरीत ०.१ हा कधीच न संपणारा आवर्ती अपूर्णांक होतो. तो कुठेतरी तोडावाच लागतो. ६४ बिटांच्या डबलमध्ये, म्हणजे दुप्पट बिटांच्या प्रकारात, ०.१ ची साठवलेली किंमत असते ०.१००००००००००००००००५५५ च्या आसपास. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये ०.१०००००००१४९ च्या आसपास.

म्हणूनच ०.२५ अंशाच्या जाळीला हा त्रास कधीच होत नाही. हवामानाचा ईआरए५ हा प्रसिद्ध संच ०.२५ अंशावर मिळतो, १४४० रेखांश आणि ७२१ अक्षांश. पाव अंशाची प्रत्येक पट बायनरीत नेमकी बसते, म्हणून वजाबाकी दरवेळी बरोबर ०.२५ येते आणि ‘हे दोन रेखांश समान आहेत का?’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. अडचण ही, की अशा जाळीवर लिहिलेला आणि नीट तपासलेला प्रोग्राम ०.१, ०.०५ किंवा १/१२ अंशाच्या जाळीवर पहिल्यांदा चालवला की कोलमडतो, आणि लिहिणाऱ्याला कारणच कळत नाही.

आता ती सुरुवातीची वजाबाकी बघू

फ्लोट म्हणजे एक अशी मोजपट्टी समजा, जिच्यावरच्या खुणा शून्याजवळ दाट असतात आणि पुढे जाऊ तशा विरळ होतात. १९८५ मध्ये आलेल्या आयईईई ७५४ या मानकाने या खुणा कुठे असाव्यात ते पक्कं केलं. ३२ बिटांच्या फ्लोटला २४ बिटांची अचूकता मिळते, डबलला ५३ बिटांची. २ चा प्रत्येक घात ओलांडला की खुणांमधलं अंतर दुप्पट होतं. फ्लोटमध्ये ६४ ते १२८ या पट्ट्यात एका अंशात १,३१,०७२ खुणा असतात. १२८ ते २५६ मध्ये ६५,५३६ आणि २५६ च्या पुढे ३२,७६८.

आपले १००.१ आणि १००.२ पहिल्या पट्ट्यात येतात. तिथे ०.१ अंश म्हणजे १३१०७.२ खुणा. खुणेचा पाचवा भाग काही धरता येत नाही. प्रत्येक रेखांश आपापल्या सर्वांत जवळच्या खुणेवर जाऊन बसतो आणि टप्पे पडतात ते १३१०७, १३१०७, १३१०८, १३१०७, १३१०७ असे. बेरीज करा: ६५,५३६. म्हणजे बरोबर अर्धा अंश. वर आलेली ती विचित्र दिसणारी वजाबाकी हीच. तिच्यात यादृच्छिक असं काहीच नाही. दर पाच टप्प्यांनी हिशेब पुन्हा शून्यावर येतो आणि तोच नमुना पुढे सुरू होतो.

जमिनीवर हे किती मोठं आहे? त्या पट्ट्यातली एक खूण विषुववृत्तावर साधारण ८५ सेंटीमीटर भरते. आपली चौकट ११ किलोमीटरची. एवढ्याने पाऊस इकडचा तिकडे होत नाही. नुकसान होतं ते ‘सारखं आहे का’ आणि ‘तेच आहे का’ हे प्रश्न सॉफ्टवेअर ज्या पद्धतीने विचारतं, त्यामुळे.

वजाबाकीने पडदा उघडतो तो असा. १००.१ आणि १००.२ हे दोन्ही आकडे सात अंकांपर्यंत बरोबर आहेत. वजा केल्यावर पुढचे सारखे अंक निघून जातात आणि शेवटचे, राउंडिंगने डागाळलेले अंक तेवढे मागे उरतात. ०.१ अंशाच्या टप्प्यात एका खुणेचा फरक म्हणजे तेरा हजारांत एक. जाळी ०.०१ अंशाची केली तर टप्पा १३१०.७२ खुणांचा होतो, फरक तेराशेत एक. ०.००१ अंशाला टप्पा कधी १३१ खुणांचा, कधी १३२ चा, म्हणजे जवळजवळ एक टक्का. फ्लोटमध्ये राहून जाळी जितकी बारीक कराल, तितकी ती वजाबाकीत वेडीवाकडी दिसेल. म्हणून ‘टप्प्याच्या लाखाव्या भागापर्यंत फरक चालेल’ अशी ठरावीक मर्यादा घालून सम अंतर तपासणं मला चुकीचं वाटतं. बारीक जाळी, जिच्यावर सगळ्यांत जास्त कष्ट घेतलेले असतात, तीच या चाचणीत नापास होते.

चांगली चाचणी वेगळी आहे. शेवटच्या निर्देशकातून (जाळीतली जागा सांगणाऱ्या आकड्यातून, इथे रेखांशातून) पहिला वजा करा आणि मधल्या टप्प्यांच्या संख्येने भागा. टोकांवरचा राउंडिंगचा फरक ३५९९ ने भागला जातो, त्यामुळे मिळालेला टप्पा पहिल्या दोन आकड्यांच्या वजाबाकीपेक्षा कितीतरी खरा असतो. मग प्रत्येक निर्देशक ‘पहिला अधिक क्रमांक गुणिले टप्पा’ या आदर्श जागेशी ताडून पाहा. फरक किती चालेल, ते सर्वांत मोठ्या निर्देशकाजवळच्या खुणांवरून ठरवा. ३६० पर्यंतच्या फ्लोटसाठी एक खूण ०.००००३०५ अंश, तर एकदोन खुणांची मोकळीक पुरते. हे हिशेब डबलमध्ये करायचे, हे ओघाने आलंच.

मोकळीक सढळ हाताने दिली तर उलटी चूक होते. काही जाळ्या खरोखरच विषम असतात, पण वरवर पाहता सम वाटतात. एनसीईपी-एनसीएआर पुनर्विश्लेषण या हवामानाच्या संचाची टी६२ गॉसियन जाळी बघा. तिचे उत्तरेकडचे अक्षांश ८८.५४२, ८६.६५३१, ८४.७५३२, ८२.८५०८ असे उतरतात. टप्पे येतात १.८८८९, १.८९९९, १.९०२४. हा फरक राउंडिंगचा नाही. हे अक्षांश लेजांद्र बहुपदीच्या मुळांवरून ठरतात आणि ते ध्रुवांजवळ असेच पडायला हवेत. एक टक्क्याची सूट ठेवणारी चाचणी या जाळीला बिनदिक्कत सम ठरवेल, आणि मग काही ओळी सुमारे दोन किलोमीटर सरकतील. खुणेच्या आकारावर आधारलेली चाचणी इथे फसत नाही, कारण हा विषमपणा त्या पट्ट्यातल्या खुणेच्या हजाराहून अधिक पट आहे.

जिथे जागा खरंच सरकते

यादी तयार करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, मागच्या आकड्यात ०.१ मिळवत जायचं. दोन, क्रमांकाला ०.१ ने गुणायचं. कागदावर दोन्ही सारखेच. संगणकावर पहिला मार्ग धोक्याचा आहे, आणि त्याचं कारण बारकाईने बघण्यासारखं आहे.

फ्लोटमध्ये शून्यापासून ३६०० वेळा ०.१ मिळवत जा. २५६ च्या पुढे ०.१ म्हणजे ३२७६.८ खुणा. आधीची बेरीज एखाद्या खुणेवर आहे, तीत ३२७६.८ मिळवले, तर जवळची खूण दरवेळी ३२७७ वीच लागते. म्हणजे प्रत्येक बेरजेत खुणेचा पाचवा भाग जादा, आणि तोही कायम वरच्याच दिशेने. १२८ ते २५६ मध्ये ६५५३.६ चे ६५५४ होतात, पुन्हा वरच. ६४ ते १२८ मध्ये मात्र १३१०७.२ चे १३१०७ होऊन थोडं खाली येतं. राउंडिंगचे फरक एकमेकांना खाऊन टाकतात असं आपण धरून चालतो. एकच आकडा पुन्हा पुन्हा मिळवताना ते एकाच बाजूला साचत जातात. शेवटी ३६० ऐवजी सुमारे ३६०.०१२८ हाती येतात. विषुववृत्तावर हे जवळजवळ १.४ किलोमीटर झाले. एका खुणेच्या ८५ सेंटीमीटरशी ताडून पाहा.

डबलमध्ये हे फरक अतिशय छोटे असतात, पण संपत नाहीत. दहा वेळा ०.१ मिळवल्यावर ०.९९९९९९९९९९९९९९९९ मिळतं. ‘१ झालं की थांब’ असं सांगितलेला प्रोग्राम मग थांबतच नाही. गुणाकारात फरक साचत नाही, तरी ३ गुणिले ०.१ हे ०.३०००००००००००००००४ येतं, कारण ०.१ मुळातच किंचित जास्त आहे. ३ भागिले १० केलं तर मात्र ०.३ टाईप केल्यावर जो आकडा साठतो, अगदी तोच मिळतो. ३ आणि १० दोन्ही नेमके आहेत आणि भागाकाराचं उत्तर सर्वांत जवळच्या खुणेवर यायलाच हवं, असं मानक सांगतं. एवढ्यासाठीच माझा आग्रह असतो: टप्पा दशांशात लिहून गुणू नका, क्रमांकाला १० ने, १२ ने, १२० ने भागा.

टप्पा दशांशात छाटून लिहिला की काय होतं, त्याचं ठळक उदाहरण ३० सेकंदांच्या जाळीचं आहे. ३० सेकंद म्हणजे अंशाचा १२० वा भाग, ०.००८३३३... आणि जगभर ४३,२०० स्तंभ. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये कुणी टप्पा ०.००८३३ लिहिला, तर शेवटच्या स्तंभापर्यंत ०.१४४ अंश कमी पडतात, म्हणजे १७ हून जास्त चौकटी. आणखी एक ३ लिहून ०.००८३३३ केला, तरी पावणेदोन चौकटींची तूट राहतेच. हवामानखात्यांच्या ग्रिब या फॉरमॅटच्या पहिल्या आवृत्तीत टप्पा अंशाच्या हजाराव्या भागापर्यंतच लिहिता येतो. १/१२ अंशाची महासागराची जाळी त्यात ०.०८३ होते आणि ४३२० स्तंभांनंतर १.४४ अंश मागे पडते. विषुववृत्तावर १६० किलोमीटर! म्हणून अशी फाईल वाचताना लिहिलेला टप्पा तसाच न वापरता पहिला बिंदू, शेवटचा बिंदू आणि संख्या यांवरून तो काढायला हवा. दुसऱ्या आवृत्तीत दशलक्षांशापर्यंत सोय आली आणि मूळ कोन व त्याचे भाग देऊन १/१२ सारखा अपूर्णांक नेमका सांगण्याचीही.

इथे एक रेषा आखता येते, आणि मला वाटतं या सगळ्या विषयाची किल्ली तीच आहे. निर्देशकातून पहिला निर्देशक वजा करून टप्प्याने भागलं आणि जवळचा पूर्णांक घेतला, की स्तंभाचा क्रमांक परत मिळतो. फरक अर्ध्या टप्प्याहून कमी असेल तोवर हा क्रमांक बिनचूक मिळतो. म्हणजे ८५ सेंटीमीटरचा फरक तर सोडाच, साचून झालेला १.४ किलोमीटरचा फरकसुद्धा ०.१ अंशाच्या जाळीत पूर्ण दुरुस्त होतो. क्रमांक मिळवा, त्यावरून निर्देशक नव्याने बनवा, झालं. सतरा चौकटींची तूट मात्र अशी भरून निघत नाही.

फक्त ‘जवळचा पूर्णांक’ घ्यायचा, खालचा नाही. डबलमध्ये ०.३ भागिले ०.१ हे २.९९९९९९९९९९९९९९९६ येतं. खालचा पूर्णांक घेतला तर तिसऱ्या चौकटीतलं निरीक्षण दुसऱ्या चौकटीत जाऊन पडतं. हीच चूक पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या नमपाय लायब्ररीच्या ‘अरेंज’ने यादी बनवताना दुसऱ्या रूपात दिसते: १ पासून १.३ च्या आत, टप्पा ०.१ असं सांगितलं तर तीन ऐवजी चार आकडे येतात आणि १.३ सुद्धा यादीत घुसतो. दोन टोकं आणि संख्या देऊन यादी मागणारं ‘लिनस्पेस’ तिथे जास्त भरवशाचं.

फाईली जुळवताना

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथे. एका संचाचे रेखांश फ्लोटमध्ये, दुसऱ्याचे डबलमध्ये. दोन्हीकडे पडद्यावर १००.१ दिसतं. आत एकीकडे १००.०९९९९८४७ आहे आणि दुसरीकडे डबलचं १००.१. पायथनच्या एक्सअरे या लायब्ररीत दोन संचांची वजाबाकी केली, तर ती मूळ सेटिंगनुसार दोन्हीकडे सारखे असलेले निर्देशकच ठेवते. मग कुठले उरतात? १००.०, १००.५, १०१.०. दर पाचवा स्तंभ. अक्षांशांचंही तेच, म्हणजे पंचवीस चौकटींमागे एक शिल्लक राहते. कुठलाही इशारा मिळत नाही, नकाशा निघतो, फक्त तो विरळ आणि ठोकळेबाज दिसतो. उलट सगळे निर्देशक ठेवायला सांगितले तर यादी फुगते आणि मधे रिकाम्या किमतींचे पट्टे पडतात. उपाय वरचाच आहे: आधी दोन्हीकडचे क्रमांक काढा, मग क्रमांकांवर जुळवा.

० ते ३६० चे रेखांश उणे १८० ते १८० मध्ये बदलतानाही हाच घोळ होतो. डबलमध्ये ३५९.९ उणे ३६० हे −०.१००००००००००००२२७४ येतं. ते −०.१ शी कधीच जुळणार नाही.

वेळ हासुद्धा सम अंतराचा निर्देशकच. ‘१ जानेवारी १९०० पासूनचे दिवस’ या मापात आजच्या तारखा ४५,००० च्या पुढे जातात. फ्लोटमध्ये तिथे एक खूण म्हणजे दिवसाचा २५६ वा भाग, ५ मिनिटं ३७.५ सेकंद. तासातासाचा डेटा असा साठवला तर मध्यरात्रीनंतरचा पहिला तास १ वाजून १ मिनिट ५२.५ सेकंद असा वाचला जातो, दुसरा १ वाजून ५८ मिनिटं ७.५ सेकंद असा, आणि तिसरा बरोबर ३ वाजता. तेच ‘१९०० पासूनचे तास’ पूर्णांकात साठवले तर कसलाही फरक पडत नाही.

इतकं होऊनही तासाचा क्रमांक परत मिळतो. पण माहिती कायमची पुसली जाण्याचे प्रसंगही आहेत. नकाशावरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या यूटीएम पद्धतीत दक्षिण गोलार्धात उत्तरेकडचं अंतर विषुववृत्तावर १,००,००,००० मीटर धरून मोजतात. एक मीटरच्या उंचीच्या जाळीचे मध्यबिंदू मग ९०,००,०००.५, ९०,००,००१.५, ९०,००,००२.५, ९०,००,००३.५ असे येतात. फ्लोटमध्ये तिथे खुणा एकेक मीटरवर आहेत आणि बरोबर मधे पडलेला आकडा सम खुणेकडे जातो. साठतं ते ९०,००,०००, ९०,००,००२, ९०,००,००२, ९०,००,००४. दोन ओळी एकाच जागी येऊन बसल्या आणि टप्पे झाले २, ०, २. नुसत्या यादीकडे बघून कुठली ओळ कुठली, हे आता सांगता येणार नाही.

डेटा बनवणाऱ्यांनी निर्देशक फ्लोटमध्ये लिहिण्यामागे जागा वाचवण्याचा हेतू असतो, म्हणून तो हिशेबही मांडतो. ०.१ अंशाच्या जाळीत ३६०० रेखांश आणि १८०० अक्षांश, म्हणजे ५४०० आकडे. ते फ्लोटऐवजी डबलमध्ये लिहिले तर फाईल २१,६०० बाइटनी वाढते. त्याच फाईलमधला एका वेळेचा पाऊस, ६४,८०,००० चौकटींचा, फ्लोटमध्येच जवळपास २६ दशलक्ष बाइट घेतो. मोजमापं खुशाल फ्लोटमध्ये ठेवा, पावसाचा आठवा अंक कुणी मोजलेलाच नसतो. निर्देशक मात्र डबलमध्ये लिहा, आणि सोबत पहिला बिंदू, संख्या व टप्पा अपूर्णांकाच्या रूपात नोंदवा.